लंडनचा पाव आणि लंडनची मजुरी

पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा वर्षानुवर्षे पाच रुपयांनाच मिळत राहिला, पण दर दोन-चार वर्षांनी तो हातात हलका लागू लागला, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांच्या घरचा आहे. किंमत तीच, माल कमी. व्यापाऱ्यांची ही नवी युक्ती आहे असे आम्हांलाही वाटत होते. परंतु इंग्लंडच्या इतिहासाची काही पाने चाळताना असे दिसले की सहा-सातशे वर्षांपूर्वी हीच गोष्ट कायद्याने ठरवून दिलेली होती. लंडन शहरात पावाची किंमत कायम ठेवून त्याचे वजन सरकार ठरवीत असे. त्याच शहरात पुढे मजुरीही सरकार ठरवू लागले. पावाच्या भावाचे काय झाले आणि मजुरीच्या दराचे काय झाले, हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिले म्हणजे बऱ्याच गोष्टी उलगडतात. त्यांचीच माहिती येथे देत आहोत.

बाजारभाव अधिकाऱ्याने ठरवून देणे ही आपल्याकडेही अपरिचित गोष्ट नाही. त्याला निरख म्हणत. पेशवाईत पुण्याच्या कोतवालीकडे वजनेमापे तपासण्याबरोबर हेही काम असे. विशेष म्हणजे हा निरख शब्द मूळ फारसी असून तिकडे तुर्कस्तानच्या इस्तंबूल शहरातही भाव बांधून देण्याला 'नर्ख' असेच म्हणत. थोडक्यात, राजवट कोणतीही असो, मोठ्या शहराचे पोट भरायचे तर बाजाराकडे डोळे मिटून चालत नाही, हे सर्वांना ठाऊक होते. आम्ही लंडनची हकिकत निवडली, याचे कारण एवढेच की तेथे भाव आणि मजुरी या दोहोंची बांधणी कायद्याने कशी झाली आणि शेवटी ती कशी मोडली, याचा धागा सलग हाती लागतो.

प्रथम पाव पाहू. इंग्लंडमध्ये 'असाइज ऑफ ब्रेड' नावाचा कायदा होता. तो साधारणपणे इ. स. १२६६ चा मानतात. त्याची रचना साधी होती. फार्दिंग, अर्धा पेनी, पेनी अशा ठराविक नाण्याला एक पाव. गव्हाचा भाव चढला की पावाचे वजन उतरवायचे, गहू स्वस्त झाला की वजन वाढवायचे. यासाठी तक्ता तयार असे. गव्हाचा अमुक भाव असेल तर पेनीचा पाव अमुक वजनाचा, असे त्यात वाचून काढायचे. समजा गहू दुप्पट महाग झाला, तर त्याच पेनीचा पाव साधारण निम्म्यावर येई. भट्टीचे सरपण, मीठ, यीस्ट, नोकरांची मजुरी आणि बेकरीवाल्याची स्वतःची मेहनत यासाठी वेगळी रक्कम धरलेली असे. म्हणजे बेकरीवाल्याला ठराविक मेहनताना मिळे, आणि गव्हाच्या तेजीमंदीचा नफा त्याने खाऊ नये अशी व्यवस्था होती.

किंमतच का वाढवली नाही, असा प्रश्न कोणीही विचारील. उत्तर नाण्यात आहे. फार्दिंगपेक्षा लहान नाणे गरिबाच्या हाती सहसा नसे. सव्वा फार्दिंग किंवा दीड फार्दिंग मोजायचे कसे? मजुराच्या हातात एक नाणे आहे, त्याला त्यात काही तरी मिळाले पाहिजे. म्हणून नाणे स्थिर आणि पाव लहानमोठा. आज बिस्किटवाले करतात ते नेमके याच हिशेबाने. फरक इतकाच की लंडनमध्ये वजन किती घटवायचे हे दुकानदार ठरवीत नसे.

वजनात चोरी करणाऱ्याची गय नसे. लंडन नगरपालिकेच्या चालीरीती १४१९ साली 'लिबेर अल्बस' या ग्रंथात एकत्र केल्या गेल्या. त्यानुसार वजनात कमी पाव विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला लाकडी फरफटीवर घालून, तो पाव गळ्यात बांधून, गर्दीच्या आणि सर्वांत घाणेरड्या रस्त्यांतून फिरवीत. दुसऱ्या वेळी खोड्यात उभे करीत. तिसऱ्या वेळी त्याची भट्टी पाडून टाकीत आणि धंदा कायमचा सोडायला लावीत. पुढच्या शतकांत या शिक्षा जाऊन औंसामागे दंड आला. वजनात कमी भरलेले पाव जप्त करून कैद्यांना आणि गरिबांना वाटण्याचीही रीत होती.

१७०९ च्या कायद्याने जुने तक्ते बदलले. लंडनमध्ये लॉर्ड मेयर आणि आल्डरमन मंडळी बाजारातील दाणा व पिठाचे भाव मागवून पावाचा दर जाहीर करीत. वजन कायम ठेवून किंमत बदलण्याची पद्धतही आता रूढ झाली. 'क्वार्टर्न' नावाचा मोठा पाव ४ पौंड साडेपाच औंसांचा, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे दोन किलोचा असे. लंडनकर कुटुंबाची महागाई या एका पावाच्या भावावरून मोजली जाई.

या व्यवस्थेत एक भगदाड होते आणि ते जाणण्यासाठी अर्थशास्त्राची मोठी पदवी लागत नाही. पावाचा भाव बांधलेला, पण गव्हाचा आणि पिठाचा भाव मोकळा! पूर्वी बेकरीवाला गहू विकत घेऊन दळून आणी. अठराव्या शतकात तो सरळ पीठवाल्याकडून पीठ घेऊ लागला, पुष्कळदा उधारीवर. पिठाचा भाव चढा नोंदवला गेला की पावाचा दर आपोआप चढे. तेव्हा पीठवाल्याला भाव उतरवण्याची गरज नव्हती आणि बेकरीवाल्याला घासाघीस करण्याची गरज नव्हती. खरी नड गिऱ्हाइकाची, आणि ते या हिशेबात कोठेच बसलेले नव्हते.

१७९५ मध्ये आणि पुन्हा १८००-०१ मध्ये पीक बुडाले. क्वार्टर्न पावाचा लंडनमधील भाव १८०१ च्या मार्चमध्ये १ शिलिंग १० पेन्सच्याही पुढे गेला. त्या काळी साध्या मजुराची आठवड्याची कमाई दहा-बारा शिलिंगांच्या घरात होती. म्हणजे असे पाच पाव घेतले की बहुतेक सगळी कमाई संपली. अशा वेळी भावाच्या तक्त्याने काय व्हावे? तक्ता गव्हाबरोबर वर चढत गेला, इतकेच. मग पार्लमेंटने निराळे उपाय काढले. ताजा पाव विकू नये, भाजून चोवीस तास झाल्यावरच विकावा, असा कायदा केला. कारण काय, तर शिळा पाव कमी खाल्ला जातो! दुसरा कायदा असा की गिरणीवाल्याने पांढरे पीठ काढूच नये, कोंड्यासकट काढावे. तो लोकांना इतका अप्रिय झाला की ससेक्समधील हॉर्शम गावी बायकांनी गिरणीवाल्याला घेरले आणि अवघ्या दोन महिन्यांच्या आत सरकारने तो मागे घेतला. गरिबांनी काय खावे हे पोटभर जेवलेल्या माणसांनी ठरवले की असे होते.

१८१५ साली पार्लमेंटच्या समितीने चौकशी करून ही भावबांधणी रद्द करण्याची शिफारस केली आणि लंडनपुरती ती त्याच वर्षी संपली. १८२२ पासून पाव वजन करूनच विकला पाहिजे असे बंधन आले. उर्वरित इंग्लंडमध्ये १८३६ साली ती उठली. साडेपाचशे वर्षांचा कायदा गेला आणि त्यासाठी कोणी रस्त्यावर उतरल्याचे दिसत नाही.

पावाखेरीज इतरही गोष्टींचे भाव बांधलेले होते. थेम्स नदीवरच्या नावाड्यांचे दर १५१४ च्या कायद्यापासून ठरलेले होते. भाड्याच्या घोडागाड्यांचे दर १६६२ च्या कायद्याने ठरले. पहिल्या तासाला दीड शिलिंग, पुढच्या प्रत्येक तासाला एक शिलिंग, दिवसभराला दहा शिलिंग. परवानेही फक्त चारशे. आजच्या रिक्षाच्या मीटरचे हे आजोबा म्हणायला हरकत नाही. गाडीवाला जवळचे भाडे नाकारीत असे काय, हे मात्र वाचकांनी आपल्या अनुभवावरून ठरवावे.

आता मजुरीकडे वळू, कारण खरा कस तेथेच लागतो.

१३४८-४९ च्या प्लेगने इंग्लंडची लोकसंख्या प्रचंड घटली. मजूर मिळेनात, म्हणून मजुरी चढू लागली. लगेच १३४९ चा वटहुकूम आणि १३५१ चा कायदा आला. प्लेगपूर्वीच्या दरानेच काम करा, असा हुकूम. १५६३ साली राणी एलिझाबेथच्या काळात या सर्वांचा एक मोठा कायदा करण्यात आला. त्याला 'स्टॅच्यूट ऑफ आर्टिफिसर्स' म्हणतात. दरवर्षी ईस्टरच्या सुमारास जस्टिस ऑफ द पीस, आणि शहरात मेयर, यांनी प्रत्येक धंद्याची मजुरी ठरवून जाहीर करावी, असे त्यात होते. कामाचे तासही त्यातच. मार्चच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पहाटे पाचला हजर व्हायचे आणि सायंकाळी सात-आठपर्यंत काम करायचे. खाणेपिणे आणि विश्रांती मिळून फार तर अडीच तास. गैरहजेरीला तासामागे एक पेनी कापायची.

या कायद्यातील एक कलम आम्ही दोनदा वाचले. ठरलेल्या दरापेक्षा जास्त मजुरी दिली तर मालकाला दहा दिवस कैद आणि पाच पौंड दंड. ठरलेल्या दरापेक्षा जास्त मजुरी घेतली तर मजुराला एकवीस दिवस कैद. देवघेव एकच, गुन्हा एकच, आणि शिक्षा घेणाऱ्याला दुपटीहून अधिक. मालकाचा पाच पौंड दंड मोठा होता हे खरे. पण मालकाच्या घरी दहा दिवस चूल पेटत राहते. हातावर पोट असणाऱ्याच्या घरी एकवीस दिवस काय होत असेल ते सांगायला नको. आणि कमी मजुरी देणाऱ्या मालकाला शिक्षा? ती या कायद्यात नव्हती. येथे मजुरी बांधणे म्हणजे छप्पर घालणे होते, जमीन घालणे नव्हे.

अपवाद सांगितला पाहिजे. १६०४ च्या कायद्याने कापड धंद्यातील कामगारांसाठी किमान दर ठरवण्याचा अधिकार दिला आणि जो जस्टिस स्वतःच कापडाचा व्यापारी असेल त्याने आपल्या धंद्यातील दर ठरवू नये असेही घातले. म्हणजे न्यायासनावर कोण बसतो हा प्रश्न त्यांनाही दिसला होता. पण पुढे वार्षिक दर जाहीर करण्याची पद्धतच हळूहळू मागे पडत गेली.

मागे पडली, पण कामगार एकत्र आले की तिची लगेच आठवण होई. लंडनच्या शिंप्यांचे पाहा. शिंपीकाम करणारे कारागीर काही ठराविक दारूच्या गुत्त्यांत जमत. तेथे नावांची वही असे, मालकाला माणूस हवा असला तर तेथे निरोप पाठवी. आपोआपच एकजूट झाली. १७२० च्या सुमारास सात हजारांहून अधिक कारागीर मजुरी वाढवून मागत आहेत आणि एक तास आधी सुट्टी मागत आहेत, अशी तक्रार घेऊन मालक पार्लमेंटकडे गेले. १७२१ साली कायदा झाला. काम सकाळी सहा ते रात्री आठ. मजुरी मार्च अखेरपासून जून अखेरपर्यंत दिवसाला फार तर दोन शिलिंग, एरवी एक शिलिंग आठ पेन्स. १७६८ च्या कायद्याने काम एक तासाने कमी केले आणि मजुरीची कमाल मर्यादा २ शिलिंग साडेसात पेन्स केली, लंडन आणि भोवतालच्या पाच मैलांपर्यंत. त्यात गंमत अशी की राजघराण्यात मृत्यू होऊन सार्वजनिक सुतक लागले तर मात्र दिवसाला ५ शिलिंग दीड पेनी, म्हणजे जवळजवळ दुप्पट मजुरी चाले. सर्व बड्या लोकांना काळे कपडे चार दिवसांत शिवून हवेत, तेव्हा कायद्यालाही बाजार समजत होता! हंगामात मालक स्वतःच चोरून जास्त मजुरी देत, कारण न दिली तर शेजारचा मालक माणूस पळवी.

अॅडम स्मिथ हे खुल्या बाजाराचे आद्य आचार्य मानले जातात. त्यांनी १७७६ च्या आपल्या ग्रंथात हाच शिंप्यांचा कायदा उदाहरणादाखल घेतला आहे. मालक आणि कामगार यांच्यामध्ये कायदा पडतो तेव्हा त्याला सल्ला देणारे मालकच असतात, असे त्यांचे मत होते. म्हणून क्वचित एखादा नियम कामगाराच्या बाजूने झाला तर तो न्याय्यच समजावा, असेही ते म्हणतात. त्यांचे नाव घेऊन कामगारांना उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. हे वाक्य ते गाळतात.

असा एक कामगारांच्या बाजूचा कायदा लंडनमध्ये झाला होता. तो स्पिटलफील्ड्सच्या रेशीम विणकरांचा.

स्पिटलफील्ड्स हा लंडन शहराच्या पूर्व वेशीबाहेरचा भाग. १६८५ नंतर फ्रान्समधून धर्मछळामुळे परागंदा झालेले ह्यूगनॉट प्रॉटेस्टंट येथे मोठ्या संख्येने आले आणि रेशमाचा धंदा फुलला. या विणकरांचा भारताशीही जुना संबंध होता, पण तो वैराचा. गुजरात आणि कोरोमंडल किनाऱ्यावरचे छापील सुती कापड लंडनच्या बायकांना आवडू लागले तसे यांचे माग बंद पडू लागले. १६९७ साली त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीवर हल्ला केला. १७१९ साली छापील कापड नेसलेल्या बायकांच्या अंगावरचे कपडे फाडले. १७२१ साली असे कापड वापरण्यावरच बंदी आली. एका ठिकाणच्या विणकराची भाकरी वाचवताना दुसऱ्या ठिकाणच्या विणकराची भाकरी गेली. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेही नव्हते.

१७६३ च्या तहानंतर फ्रेंच रेशीम आत येऊ लागले आणि उपासमार सुरू झाली. १७६५ साली विणकरांनी ड्यूक ऑफ बेडफर्डच्या वाड्याला वेढा घातला, कारण परदेशी रेशमावरील बंदीला त्यांनी विरोध केला होता. १७६६ मध्ये ती बंदी आली, तरी मजुरीचा तंटा मिटला नाही. ठरलेल्या दरापेक्षा कमी देणाऱ्या मालकाच्या मागावरचे रेशीम रात्री जाऊन कापून टाकायचे, असा प्रकार सुरू झाला. १७६९ च्या डिसेंबरात जॉन डॉइल आणि जॉन व्हॅलाइन या दोघांना बेथनल ग्रीन येथे, विणकरांच्याच वस्तीत, सर्वांसमोर फाशी देण्यात आले. १७७१ साली त्यांच्याविरुद्धच्या खटल्यांशी संबंध असलेल्या डॅनियल क्लार्क या माणसाला जमावाने ठार केले.

एवढे रक्त सांडल्यावर १७७३ चा स्पिटलफील्ड्स कायदा आला. लंडन शहरात लॉर्ड मेयर, रेकॉर्डर व आल्डरमन यांनी आणि मिडलसेक्स, वेस्टमिन्स्टर वगैरे भागांत तेथील न्यायदंडाधिकाऱ्यांनी विणकरांची मजुरी ठरवावी. ठरलेल्याहून जास्त किंवा कमी देणाऱ्या मालकाला पन्नास पौंड दंड. 'किंवा कमी' हे दोन शब्द १५६३ च्या कायद्यात नव्हते. जास्त मागणाऱ्या किंवा संघटना बांधणाऱ्या विणकराला चाळीस शिलिंग दंड. शिकाऊ उमेदवार दोनपेक्षा जास्त ठेवायचे नाहीत, म्हणजे पोरांच्या स्वस्त श्रमाने कारागिराचा दर पाडता येणार नाही. १७९२ मध्ये मिश्र रेशमाला आणि १८११ मध्ये स्त्री विणकरांनाही कायदा लागू झाला.

प्रत्यक्षात दंडाधिकाऱ्याला ताणा-बाणा काय कळणार? म्हणून मालकांची आणि विणकरांची समिती एकत्र बसे, कोणत्या जातीच्या कापडाला वारामागे किती हे ठरवी आणि दंडाधिकारी त्यावर शिक्कामोर्तब करी. मग त्याची छापील यादी निघे. ही हकिकत वाचताना आम्हांला ओळखीची खूण पटली. आम्हा बँक कर्मचाऱ्यांचे पगारही १९६६ पासून असेच द्विपक्षीय कराराने ठरत आले आहेत आणि त्या कराराचे छापील पुस्तक प्रत्येक शाखेत कोणाच्या तरी खणात असतेच. पुस्तक हाती असले की साहेबासमोर आवाज आपोआप स्थिर होतो. पन्नास वर्षे स्पिटलफील्ड्समध्ये मोठी दंगल झाली नाही, याचे कारण ती छापील यादी होती असे आम्हांला वाटते.

पण दोषही सांगितले पाहिजेत. कायदा लंडन आणि मिडलसेक्सपुरता होता. मॅकल्सफील्ड, नॉरिच, एसेक्समधील ब्रेनट्री येथे तो नव्हता. तेव्हा साधे, हलके काम हळूहळू तिकडे गेले आणि लंडनकडे भारी, नाजूक काम उरले. मंदीत दर उतरवता येत नसल्याने मालक माग बंद ठेवीत. ज्याला काम मिळे त्याला पूर्ण दर, बाकीचे बसून. शिवाय सुधारलेल्या मागावर विणले तरी मजुरी तीच द्यावी लागे, म्हणून नवे माग आणण्यात मालकाला रस नव्हता. ही तक्रार खोटी नव्हती.

१८२३ साली मालकांनी कायदा रद्द करण्याचा अर्ज केला. प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो तेव्हा पार्लमेंटचे सभासद होते. असा कायदा अजून अस्तित्वात आहे याचेच त्यांनी आश्चर्य व्यक्त केले. विणकरांनी विरोधी अर्जावर दोन-तीन दिवसांत सुमारे अकरा हजार सह्या गोळा केल्या. ज्या पावाच्या कायद्यासाठी कोणी उठले नव्हते, त्याच शहरात मजुरीच्या कायद्यासाठी अकरा हजार माणसे सही करायला आली. त्या वर्षी विधेयक लॉर्डांच्या सभागृहात अडले. पुढल्या वर्षी, १८२४ मध्ये, कायदा गेला. १५६३ च्या कायद्यातील मजुरीची कलमे तर १८१३ सालीच रद्द झाली होती. ज्याच्या आधारे किमान मजुरी मागता येईल असे कामगारांना वाटू लागताच ती काढून टाकण्यात आली. त्याआधी १७९५-९६ मध्ये सॅम्युएल व्हिटब्रेड यांनी शेतमजुरांसाठी किमान मजुरीचे विधेयक आणले होते. पंतप्रधान पिट यांच्या विरोधामुळे ते फेटाळले गेले. आपल्याकडे किमान वेतनाचे विधेयक मजूरमंत्री या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. व्हिटब्रेड यांच्या विधेयकानंतर मध्ये दीडशे वर्षे गेली होती.

१८२४ नंतर लंडनमधील विणकरांचे दर घसरले. १८२६ पासून परदेशी रेशमावरील बंदी जाऊन जकात आली आणि १८६० च्या फ्रान्सबरोबरच्या तहाने ती जकातही गेली. विणकरांची वस्ती गरिबीचे नमुन्याचे ठिकाण म्हणून ओळखली जाऊ लागली. माळ्यावर मागाला उजेड मिळावा म्हणून ठेवलेल्या रुंद खिडक्यांची त्यांची काही घरे आजही तेथे उभी आहेत.

शिंप्यांची गोष्ट राहिली. ज्यांच्या मजुरीवर १७२१ साली कमाल मर्यादा घातली होती, त्याच लंडनच्या पूर्व भागात पुढे तयार कपडे शिवणाऱ्यांची, विशेषतः स्त्रियांची, मजुरी इतकी खाली गेली की १९०९ च्या ट्रेड बोर्ड्स कायद्यात पहिल्या चार धंद्यांमध्ये तयार कपड्यांचे शिंपीकाम घ्यावे लागले. त्या मंडळांवर मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने बसत, आणि ते ठरवीत तो दर किमान असे.